देवनागरी टॅटू काढून घेताना: मजकूर, शैली आणि आर्टिस्ट कसा निवडायचा

मनगटावर ‘आई’, दंडावर राजमुद्रा, खांद्यावर लेकीचं नाव. मराठी माणूस टॅटू काढायला निघाला की बहुतेक वेळा अक्षरांपाशी येऊन थांबतो. टॅटूबद्दलचे सल्ले मात्र रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात आणि देवनागरीला ते पुरत नाहीत. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, त्यांच्या वर मात्रा-रफार येतात, खाली उकार येतात, पोटात गाठी आणि जोडाक्षरं असतात. मी सुलेखन करते आणि टॅटूसाठी अक्षरं लिहून देते, त्यामुळे कागदावर सुंदर दिसलेलं अक्षर कातडीवर गेल्यावर कुठे मार खातं हे जवळून बघायला मिळतं.

लोक आधी आर्टिस्ट शोधतात, मग त्याच्या फोनमधली एखादी स्टाइल पसंत करतात आणि काय लिहायचं ते खुर्चीत बसल्यावर ठरवतात. हा क्रम पूर्ण उलटा करा. आधी मजकूर ठरवा, मग आकार आणि जागा, मग शैली, आणि आर्टिस्ट सगळ्यात शेवटी.

शाई आत गेल्यावर काय होतं

टॅटूची सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. शरीराच्या संरक्षक पेशी हे रंगाचे कण गिळून तिथेच धरून ठेवतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात. टॅटू टिकतो तो याच कारणाने. पण या देवाणघेवाणीत वर्षानुवर्षं कण थोडे सरकतात, थोडे वाहून जातात, आणि रेघ हळूहळू जाड आणि मऊ होत जाते. टिपकागदावर शाई पसरते तसंच हे, फक्त अतिशय संथ. शाई गरजेपेक्षा खोल गेली तर हे पसरणं पहिल्याच आठवड्यात दिसतं. त्याला दुकानात ‘ब्लोआउट’ म्हणतात, आणि तो पुसता येत नाही.

घरात गोंदण असलेली आजी असेल तर तिचा हात उजेडात धरून नीट बघा. काजळीने गोंदलेल्या काळ्या रेघा आता निळसर-हिरव्या दिसतील, कारण काळा रंग कातडीच्या आतून बघताना तसा भासतो. कित्येक दशकांनंतरही तुळस ओळखू येते, ठिपके वेगळे दिसतात, विंचवाची नांगी कळते. याचं श्रेय रचनेला आहे. गोंदणाऱ्या बायका ठिपके, फुल्या आणि सुट्या रेघा वापरायच्या आणि दोन खुणांच्या मध्ये भरपूर कातडी मोकळी सोडायच्या. रेघ पसरली तरी शेजारच्या रेघेला जाऊन भिडत नव्हती. त्याच हातावर बारीक अक्षरात नाव गोंदलेलं असेल तर ते मात्र बऱ्याचदा वाचता येत नाही. टॅटूची रचना करताना मी सगळ्यात आधी हेच बघते: काळ्या रेघांच्या मधली मोकळी जागा पुरेशी आहे का?

मजकूर: काय लिहायचं आणि ते कसं तपासायचं

नाव लिहायचं असेल तर ती व्यक्ती स्वतः ते कसं लिहिते ते आधी विचारा. आईची मराठीतली सही बघा, जुन्या वहीवरचं नाव बघा. ‘स्मृती’ की ‘स्मृति’, ‘शक्ती’ की ‘शक्ति’, हे आधीच ठरलं पाहिजे. मराठी लेखनात शेवटची वेलांटी दीर्घ, संस्कृत वचनात मात्र मूळ शब्द असेल तसा. दोन्ही बरोबर आहेत, पण कातडीवर एकच राहणार आहे.

संस्कृत ओळ घेणार असाल तर इंटरनेटवरच्या चित्रावरून कधीही उतरवू नका. राजमुद्रेचंच उदाहरण घ्या. ‘शाहसूनोः’ मधला दीर्घ ‘सू’ ऱ्हस्व होतो, शेवटचा विसर्ग गळतो, नाहीतर तो नुसता शोभेचा ठिपका समजून एकाच टिंबावर भागवलं जातं. शिवाय मुद्रा अष्टकोनी असल्यामुळे ओळी मध्येच तुटतात आणि शब्द पुढच्या ओळीत जातो. हे माहीत नसलेला आर्टिस्ट मनाने तोड बदलतो. एखाद्या संस्कृत शिक्षकाला छापील मजकूर दाखवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुणी नाही म्हणत नाही.

दुसरा धोका संगणकाचा. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिपींसाठीची टाइप सेटिंग निवडलेली नसेल तर ‘शिव’ मधली ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. ‘विठ्ठल’ मध्ये ठ खाली ठ असं उभं जोडाक्षर अपेक्षित असतं. चुकीच्या सेटिंगमध्ये तिथे पाय मोडलेला ठ आणि शेजारी दुसरा ठ येतो. मराठी न वाचणाऱ्या आर्टिस्टला यात काही बिघडलंय हे कळायला मार्गच नाही. म्हणून मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. कागदावर लिहून किंवा पीडीएफ करून द्या.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक दोन ठिकाणी असतो: डावीकडची गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेषा. टॅटूत बहुतेक वेळा शोभेसाठी शिरोरेषा एका दमात सलग ओढतात. मग ‘राधा’चं ‘राघा’ होतं आणि ‘आभा’ची ‘आमा’. शिरोरेषा पूर्ण काढून टाकली तर सगळा भार त्या इवल्याशा गाठीवर येतो, आणि लहान आकारात गाठ सगळ्यात आधी बुजते. तुमच्या शब्दात ही अक्षरं असतील तर शिरोरेषेतली फट ठळक ठेवायला सांगा.

‘ल’ आणि ‘श’ यांचीही मराठी वळणं वेगळी आहेत, पाकळीचा ल आणि देठाचा श. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल-श आपोआप येतात. तुम्हाला फरक पडत नसेल तर प्रश्न नाही. मला पडतो, कारण माझ्या शाळेच्या पुस्तकात ज्या वळणाने अक्षर होतं त्या वळणाने ते अंगावर असावं असं मला मनापासून वाटतं.

आकार: घरच्या घरी करायची चाचणी

कागदावर तुम्हाला हव्या त्या मापात शब्द लिहा, अर्ध्या मिलिमीटरच्या पेनने. आता त्याच रेघांवरून एक मिलिमीटरचं मार्कर फिरवा. काही वर्षांनंतर तुमचा टॅटू साधारण या अंगाने जाणार आहे असं धरून चाला. ‘ष’चं पोट भरून गेलं का? अनुस्वार शिरोरेषेला चिकटला? ‘द्र’ मधली तिरकी रेघ दिसेनाशी झाली? तसं असेल तर माप वाढवा आणि पुन्हा करा.

‘आई’ हा शब्द यात सहज पास होतो. दोन अक्षरं, मोकळी पोटं. फक्त ‘ई’च्या डोक्यावरच्या खुणेला शिरोरेषेच्या वर जागा हवी. राजमुद्रा मात्र लहान मापात या चाचणीत नापास होते. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या एका शब्दात रकार, ‘च्च’, त्यावर अनुस्वार आणि पुढे ‘द्र’ आहे. पूर्ण मुद्रा मनगटावर बसवायचा हट्ट धरला तर काही वर्षांत काळा अष्टकोन उरतो. ती पाठीवर, छातीवर किंवा दंडाच्या रुंद भागावरच घ्या.

पुष्कळ दुकानांत दर चौरस इंचावर असतो, आणि त्यामुळे माणसाला टॅटू लहान करायचा मोह होतो. पैसे वाचवायचे असतील तर अक्षरं कमी करा. अख्खा चरण नको, एक शब्द घ्या, पण तो ऐसपैस घ्या.

जागा

हाताची आतली बाजू, म्हणजे कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग, अक्षरांसाठी सगळ्यात चांगला. ऊन कमी लागतं, कातडी सपाट असते. बोटं, तळहाताची कड, मनगटाची घडी आणि पावलाच्या कडा टाळा. तिथली कातडी सतत घासली आणि वळली जाते, त्यामुळे रेघ तुटते किंवा फाकते. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग इथे केलॉइड, म्हणजे फुगलेले जाड व्रण, उठण्याचा धोका जास्त असतो. आधी कधी कान टोचल्यावर किंवा टाके घातल्यावर तुमचा व्रण फुगला असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी हे नीट वाचा. भारतीय लष्कराच्या भरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या भागावर आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवरच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाचा वेगळा विचार होतो. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत सलामी न देणारा म्हणून डावाच हात धरला आहे, टॅटूत नाव किंवा धार्मिक चिन्ह असावं आणि त्याने त्या भागाचा एक चतुर्थांशापेक्षा कमी हिस्सा व्यापावा अशी अट आहे. दंडावर मोठी मुद्रा काढून मग फॉर्म भरायला जाऊ नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची जाहिरात आधी वाचा.

शैली

सावळ्या-गव्हाळ कातडीवर काळ्या रंगाला तोड नाही. पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी हे रंग आपल्या कातडीच्या रंगातून बघितल्यावर मळकट दिसतात. काळी बाह्यरेषा नसलेला ‘वॉटरकलर’ टॅटू फोटोत मोहक असतो, पण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. अक्षरांसाठी तरी मी तो सुचवत नाही.

‘फाइन लाइन’, म्हणजे एकाच बारीक जाडीची रेघ, सध्या फार मागितली जाते. छोट्या, सुट्या शब्दाला ती शोभते. मात्र शिरोरेषा म्हणजे लांब सरळ रेघ, आणि बारीक सरळ रेघेत हाताचा जरासा थरथराटही उघडा पडतो.

सुलेखनाची शैली, म्हणजे बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक रेघ आणि आत भरीव काळा, देवनागरीला सगळ्यात जास्त मानवते आणि टिकतेही. मूळ रेघच जाड असल्याने थोडी पसरली तरी तोल बिघडत नाही. इथे एकच अडचण: देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन निबच्या उलट तिरका असतो, त्यामुळे जाड भाग कुठे आणि बारीक कुठे याचं गणितच वेगळं आहे. रोमन कॅलिग्राफी शिकलेला आर्टिस्ट सवयीने जाडी चुकीच्या जागी देतो. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अक्षर परकं वाटतं.

ब्रशच्या फटकाऱ्यांची शैली मोठ्या आकारातच घ्या, कारण फटकाऱ्याच्या कोरड्या कडा लहान मापात डागासारख्या दिसतात. अक्षरांतून गणपती किंवा चेहरा घडवायचा असेल तर वाचता येणं आणि चित्र दिसणं यातलं तुम्हाला काय जास्त हवं ते आधी ठरवा.

मोडीतही टॅटू काढून घेतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, आणि ओळीची रेघ आधी ओढून मग अक्षरं तिच्याखाली लिहितात. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, त्यामुळे फॉन्ट मिळतात. पण फॉन्टमधली मोडी सुटी-सुटी दिसते आणि या लिपीची खरी शान तिच्या धावत्या वळणात आहे. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून हाताने लिहून घ्या.

पारंपरिक गोंदणाचे आकार आजच्या मशीनवरही सुंदर निघतात. नावाच्या बाजूला चार ठिपके आणि एक तुळस, एवढंच काढलं तरी ते आपल्या मातीतलं वाटतं.

अक्षर कोण लिहिणार आणि सुई कोण धरणार

ही दोन वेगळी कामं आहेत हे मान्य केलं की निवड सोपी होते. उत्तम टॅटू आर्टिस्टला देवनागरी लिहिता येईलच असं नाही, आणि सुलेखनकाराला सुई चालवता येत नाही. तुमच्या शहरात सुलेखन शिकवणारं कुणी ना कुणी असतं, त्यांच्याकडून शब्द लिहून घ्या. टॅटूसाठी हवाय, माप अमुक इंच, हे सांगा म्हणजे ते पोटं मोकळी ठेवतील. काम घेताना योग्य मानधन द्या. त्यांच्या जुन्या कामाचा फोटो उचलून आर्टिस्टला देऊ नका.

मग आर्टिस्ट. त्याच्या फोनमधले फोटो बघताना तीन गोष्टी शोधा. पहिली, बऱ्या झालेल्या टॅटूचे फोटो, शक्यतो वर्ष-दोन वर्षं जुने. ताज्या टॅटूत प्रत्येक रेघ टोकदार दिसते, त्यावरून काहीच कळत नाही. दुसरी, लांब सरळ रेघा आणि स्वच्छ गोल. भौमितिक नक्षी, मंडल यांचं काम बघा. ज्याच्या मंडलातली वर्तुळं बिनचूक मिटतात त्याला शिरोरेषा जमते. तिसरी, तुमच्यासारख्या वर्णाच्या कातडीवरचं काम. सिंह आणि चेहऱ्यांचं काम कितीही अफाट असलं तरी अक्षरांसाठी ते तुमच्या उपयोगाचं नाही.

पहिल्या भेटीत टॅटू काढूच नका. गप्पा मारा. “हे अक्षर या मापात टिकेल का?” असं विचारा. “थोडं मोठं करावं लागेल” किंवा “ही जागा नको” म्हणणारा माणूस विश्वासाचा. “काही होत नाही, बसा लगेच” म्हणणाऱ्याकडून उठून या. तो मराठी वाचतो की नाही हेही सरळ विचारा. वाचत नसेल तर अडचण नाही, पण मग तो तुमचं अक्षर तंतोतंत गिरवायला तयार हवा, सुधारायला नव्हे.

दुकानाची स्वच्छता तपासताना लाजू नका. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आणि त्यावरची मुदत बघा. शाई मोठ्या बाटलीतून लहान नव्या टोपणात ओतली जावी आणि उरलेली फेकली जावी. हातमोजे फोन उचलल्यानंतर बदलले जावेत. मशीनवर आणि खुर्चीवर नवं प्लास्टिक हवं, केस काढायला नवं रेझर हवं, वापरलेल्या सुयांसाठी वेगळा डबा हवा. स्टीलचे भाग पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, कुठे आहे ते विचारा. नुसतं डेटॉलमध्ये बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरतात. जत्रेत एकाच मशीनवर ओळीने दहा हात गोंदले जातात, तिथे कितीही श्रद्धेने गेलात तरी हात पुढे करू नका.

वय १८ पूर्ण नसेल तर थांबा. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सोरायसिस, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. नियमित रक्तदाते असाल तर शिबिरात जाऊन मग टॅटूला जा.

स्टेन्सिल: शेवटची संधी

त्या दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी घ्या. सुई लागण्याआधी आर्टिस्ट कातडीवर जांभळा छाप उठवतो. या छापापाशी घाई करू नका.

हात मोकळा खाली सोडून उभे राहा आणि मग बघा. खुर्चीवर हात आडवा ठेवून लावलेली सरळ शिरोरेषा हात खाली सोडल्यावर तिरकी होते, कारण मनगटाबरोबर कातडी फिरते. आरशात किंवा सेल्फी कॅमेऱ्यात तपासू नका, अक्षरं उलटी दिसतात आणि चूक निसटते. सोबत आलेल्या माणसाला मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा आणि मजकूर माहीत नसलेल्या कुणाला तरी तो पाठवून विचारा, “काय लिहिलंय?” उत्तर एका झटक्यात आलं पाहिजे. मग मूळ कागद शेजारी धरून एकेक अक्षर, एकेक खूण बोट ठेवून ताडा: काना, मात्रा, वेलांटीची दिशा, रफार, अनुस्वार, विसर्गाची दोन्ही टिंबं. काही खटकलं तर छाप स्पिरिटने पुसून पुन्हा लावता येतो. तीनदा लावायला सांगितलं तरी चांगला आर्टिस्ट कुरकुर करत नाही.

नंतरचे आठवडे

पारदर्शक फिल्म लावली असेल तर सांगितलेले दिवस ती तशीच ठेवा. नसेल तर सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा आणि सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. हळद, खोबरेल तेलाचा थर, घरगुती लेप काही नको, ती उघडी जखम आहे. खपली निघत असताना खाजवू नका, कारण खपलीबरोबर शाई उचलली जाते आणि नेमका अनुस्वार गायब होतो.

दोन-तीन आठवडे पोहणं बंद. गोव्याच्या सहलीत पहिल्याच दिवशी टॅटू काढून दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरणारे खूप असतात. काढायचाच असेल तर परतीच्या दिवशी काढा. होळी, रंगपंचमी किंवा विसर्जन मिरवणूक तीन आठवड्यांच्या आत असेल तर तारीख पुढे ढकला, ताज्या टॅटूवर गुलाल जाता कामा नये. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

सहा आठवड्यांनी दुकानात एकदा परत जा. बरीच दुकानं पहिला टच-अप फुकट करून देतात. फक्त जिथे रेघ तुटली आहे तिथेच सुई लावून घ्या, सगळं अक्षर पुन्हा गिरवू देऊ नका. दुसऱ्यांदा गिरवलेली रेघ जाड होते आणि मापताना राखलेली मोकळी जागा त्यात जाते.